मुक्कामाची माणसे : धाराशिव जिल्ह्यातील आरोग्यसेवा आणि तिच्यामागचे संसार

धाराशिव जिल्ह्यात आरोग्यसेवा कधी आली, याचे उत्तर दवाखान्यांच्या उद्घाटनांच्या तारखा जुळवून देता येते. ती टिकली कशी, हे मात्र त्या तारखांवरून कळत नाही. ती टिकली ती बायको-मुलांसह गावात बिऱ्हाड करणाऱ्या माणसांमुळे. त्यांत वैद्य होते, कंपाउंडर होते, देवी काढणारे होते, आरोग्यसेवक आणि डॉक्टर होते. पुढे, ज्यांचा संसार आधीपासूनच त्या गावात होता अशा बायकाही त्यांत आल्या.

बालाघाटाच्या रांगांत पसरलेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,५७,५७६ भरली. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे त्याचे आठ तालुके. मोठ्या आजाराला येथील माणूस पूर्वापार जिल्ह्याबाहेर जात आला आहे. परंडा-भूमचा रुग्ण बार्शीला जातो, तुळजापूर-नळदुर्गचा सोलापूरला, उमरगा-लोहाऱ्याचा लातूर किंवा सोलापूरला, कळंबचा अंबाजोगाईला. नियोजित शस्त्रक्रियेसाठी हे अंतर कसेबसे निभते. अडलेल्या बाळंतिणीला, विंचूदंशाला, जुलाबाने सुकत चाललेल्या तान्ह्या पोराला ते निभत नाही. त्यांना रात्री दार ठोठावले की उघडणारे कोणीतरी गावातच लागते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात हा जिल्हा १९४८ पर्यंत होता. जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते, नंतर ते धाराशिवला आले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून गावाचे नाव उस्मानाबाद झाले; आता ते पुन्हा धाराशिव आहे. संस्थानात वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात बरीच लवकर झाली होती. हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ मध्ये निघाली आणि तेथे पहिली काही दशके पाश्चात्त्य वैद्यक चक्क उर्दूतून शिकवले गेले. शिकलेला डॉक्टर मात्र राजधानीत किंवा मोठ्या ठाण्याच्या गावी राही. संस्थानाने युनानी दवाखान्यांनाही आश्रय दिला होता. खेड्यातला उपचार वैद्य, हकीम, हाडवैद्य आणि सुईण यांच्या हाती होता.

हे सगळे उपचार घरातून चालत. वैद्याच्या ओसरीवर रोगी बसत, आत चूर्ण कुटले जाई, काढा उकळे, आणि ते काम घरातल्या बायका-मुलांच्या अंगवळणी पडलेले असे. विद्या बापाकडून मुलाकडे, सुईणपण सासूकडून सुनेकडे जाई. या पद्धतीला मर्यादा होत्या आणि त्या जीवघेण्या होत्या. नाळ कापायच्या विळ्यातून होणारा धनुर्वात, देवीची साथ, पटकी यांच्यापुढे या घरांचे काही चालत नसे. शिवाशिवीच्या जगात वैद्याची ओसरी सगळ्यांना सारखी मोकळीही नव्हती. तरीही एक गोष्ट या पद्धतीत होती आणि पुढच्या सरकारी व्यवस्थेला ती कायम हवीहवीशी वाटत राहिली. उपचार करणारा पळून जात नसे. त्याची शेती, सोयरीक, म्हातारी आई, सारे त्याच गावात असे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. १९५६ मध्येच औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये निघाले, तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय सत्तरच्या दशकात. याच काळात सामुदायिक विकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ती त्यांच्या ताब्यात गेली.

या केंद्रांत बदलीने डॉक्टर येत आणि बदलीने जात. गावाला खऱ्या ओळखीचा होई तो खालचा कर्मचारी. आरंभी प्रत्येक रोगाचा माणूस निराळा होता. देवी काढणारा वेगळा, हिवतापाचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने ही कामे एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका नेमण्याची शिफारस केली. पुढे सपाट प्रदेशात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण ठरले.

आरोग्यसेवकाचे काम पायांचे होते. सायकल असली तरी काळ्या रानातल्या पावसाळी वाटेवर ती हातात धरूनच चालावे लागे. घरोघरी जाऊन कोणाला ताप आहे का विचारायचे, असल्यास बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर भेटीची तारीख लिहायची, पंधरवड्याने पुन्हा यायचे. देशात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. दारोदार फिरून दंडावर टोचणाऱ्या, त्यासाठी प्रसंगी शिव्या खाणाऱ्या हजारो सामान्य कर्मचाऱ्यांचे हे यश आहे. त्यांतल्या फार थोड्यांची नावे कुठे छापली गेली.

नारूची गोष्ट मराठवाड्याच्या अधिक जवळची आहे. पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा हे या प्रदेशाचे वैभव, पण पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याची सोय हीच नारूची वाट होती. नारूचा जंतू पाण्यातल्या अतिसूक्ष्म सायक्लॉप्स जीवाच्या पोटात वाढतो. ते पाणी न गाळता प्यायले की तो शरीरात शिरतो आणि सुमारे वर्षभराने हातभर लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीतून डोके बाहेर काढते. आग शमवायला रोगी पाण्यात उतरतो, मादी पाण्यात अळ्या सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. औषध नव्हतेच. काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा नारू ओढून काढायचा, तो तुटला तर जखम चिघळे आणि ऐन पेरणी-काढणीत कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. त्याची साधने साधी होती: पाणी गाळायचे कापड, विहिरीत टेमीफॉस, पायऱ्या बंद करून रहाटाची विहीर आणि हातपंप. बारव बुजवायची किंवा तिच्या पायऱ्या बंद करायच्या, हे गावाला पटवणे मात्र साधे नव्हते. तिथे देवाची पाणी-पूजा होई, लग्नातले विधी होत. आदल्या दिवशी जीपमधून आलेल्या साहेबाच्या सांगण्याने असे काम होत नाही. ते त्या आरोग्यसेवकाच्या शब्दावर होते, ज्याची बायको त्याच पाणवठ्यावर घागर घेऊन जाते आणि ज्याची मुले तेच पाणी पितात. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावीच राहावे, अशी सरकारी नोकरीची जुनी अट आहे. कागदोपत्री तिला ‘मुख्यालयी राहणे’ म्हणतात. तिच्यावर घरभाडे भत्ता अवलंबून असतो आणि अलीकडे राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठरावही मागितला जाऊ लागला. अटीमागचा विचार रास्त आहे. पण ती पाळायची तर क्वार्टरला पाणी हवे, छप्पर न गळणारे हवे, पोरांना शाळा हवी. जुन्या पिढीतल्या अनेकांनी या गोष्टी नसतानाही गावात संसार मांडला. त्यात बायकोचा वाटा मोठा होता. नवरा फिरतीवर असताना दाराशी आलेल्याला बसवून घेणे, पाणी देणे, ‘संध्याकाळी येतील’ म्हणून धीर देणे, तापाच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत हे माहीत असणे, हे सारे तिने केले. हजेरीपटावर तिचे नाव कधीच नव्हते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत रस्ते सुधारले, मोटारसायकली आल्या, मुलांच्या शिक्षणाची ओढ वाढली आणि बिऱ्हाडे तालुक्याच्या गावी किंवा सोलापूर-लातूरला हलली. मुलांसाठी शहरात गेलेल्या बापाला दोष देता येत नाही. पण त्या दिवसापासून गावाची रात्र उघडी पडली, हेही नाकारता येत नाही.

या पेचावर एक उत्तर धाराशिवच्या सीमेला लागूनच शोधले गेले. भूम आणि परंडा तालुक्यांच्या शेजारी असलेल्या जामखेड (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. १९६० मध्ये लग्न झाले तेव्हाच खेड्यातल्या उपेक्षितांसाठी आयुष्य देण्याचे त्यांनी ठरवले होते. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर ते अमेरिकेत शिकायला गेले. तेथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते जामखेडला परतले. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले आणि मुले तेथेच वाढली.

जामखेडने केलेला पहिला प्रयोग फसला आणि त्याच फसण्यातून प्रकल्पाला दिशा मिळाली. खेड्यांत प्रशिक्षित नर्स ठेवायची, असा आरंभीचा बेत होता. पण बाहेरून आलेल्या एकट्या बाईला परक्या गावात राहणे अवघड जाई आणि गावही तिला पटकन आपली मानत नसे. तेव्हा आरोळे दाम्पत्याने बाजू उलटी केली. गावात राहू शकेल अशी शिकलेली बाई शोधण्याऐवजी गावात राहतेच आहे अशा बाईला शिकवायचे ठरले. गावांनी निवडलेल्या या आरोग्यसेविका बहुतेक अल्पशिक्षित किंवा निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकमेकींशी बोलत आणि परत जाऊन सांगत. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखर-पाणी, लसीकरण, गरोदर बाईचा आहार हे त्यांचे विषय. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या भीषण दुष्काळात प्रकल्पाने पाण्यालाही आरोग्याचेच काम मानले आणि कूपनलिका दलित वस्त्यांत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांना तिकडे जावे लागे. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तेथे दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती, ती संख्या पुढच्या काही वर्षांतच झपाट्याने खाली आली.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागी आरोग्यसेवेच्या उदाहरणांचा जो ग्रंथ काढला त्यात जामखेड होते. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची जी कल्पना जगापुढे ठेवली, तिच्या पाठीमागे असे काही मोजके प्रयोग होते. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले. काम मुलांनी पुढे चालवले. महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्याची नावे जोडीनेच का येतात, याचे उत्तर या घरात दिसते. हेमलकशाचे आमटे, गडचिरोलीचे बंग, मेळघाटचे कोल्हे यांची गोष्टही तशीच आहे. एकट्या माणसाचा त्याग काही वर्षे पुरतो. जोडीने घेतलेला निर्णय पुढच्या पिढीपर्यंत जातो, कारण तेथे घर तुटत नाही.

धाराशिव जिल्ह्यात अशा जोडीचे काम अणदूरला उभे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा-निलंगा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील तेव्हाचा उमरगा तालुका उद्ध्वस्त झाला. सुमारे आठ हजार माणसे मेली आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट जखमी झाली. मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या जड माळवदांनी. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी फूट-दोन फूट मातीची तीच छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सास्तूरसारख्या गावांत घरेच्या घरे संपली. जखमींना सोलापूरकडे हलवण्यात आले. जिल्ह्यात जवळ मोठे रुग्णालय नसणे म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे असलेल्या अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने या दाम्पत्याने हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम रुजवले. हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन या नावाच्या आद्याक्षरांतून ‘हॅलो’ झाले. आपले आपण शिकणे ही त्यामागची मूळ कल्पना. भूकंपानंतरच्या काळात त्यांनी तुळजापूर-लोहारा भागातल्या खेड्यांतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ तयार केल्या. जामखेडचा धडा येथेही दिसतो, पण नावातला अभिमान अणदूरचा स्वतःचा आहे. शेतमजुरी करणारी, जेमतेम शिकलेली बाई साध्या आजारांवर उपचार करू लागली, गरोदर बायांची तपासणी करू लागली आणि ‘वैद्य’ म्हणवली गेली. दारूबंदी, नवऱ्याची मारहाण, मुलींची शाळा हे विषयही याच बायकांनी हाती घेतले, कारण घरातले दुखणे त्यांनी आजारापुरते मर्यादित मानले नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीला एक ‘आशा’ नेमण्यात आली, तेव्हा धाराशिवच्या या भागाला ती कल्पना नवी नव्हती.

जिल्ह्याच्या पश्चिम भागाची गोष्ट बार्शीशी जोडलेली आहे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण परंडा-भूमचा बाजार आणि दवाखाना दोन्ही तिथे. तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीबरोबर परंडा आणि भूम हे तालुके होते. शहरातली नोंदणी रुग्णालयातल्या कागदांवर भागते. खेड्यातला रुग्ण मात्र अनेकदा रुग्णालयात पोचतच नाही. म्हणून या नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले, सरपंचांना, पोलीस पाटलांना, शिक्षकांना भेटले, कोणाला बरी न होणारी गाठ किंवा रक्तस्राव आहे का याची चौकशी केली. बायकांतील कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळकपणे पुढे आला. त्या चौकशीतूनच जागृती वाढली आणि रुग्ण आधीच्या टप्प्यावर दाखल होऊ लागले.

या पायावर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नोंद केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट वाटून एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी करण्यात आली. चौथ्या भागात नेहमीचीच सेवा राहिली. तपासणीत दोष आढळलेल्या स्त्रियांवर उपचार झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते: तपासणीच्या गटात ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. अन्य दोन पद्धतींत असा ठळक फरक दिसला नाही.

जगभरच्या तपासणी धोरणांवर या अभ्यासाचा परिणाम झाला. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न पुढे गंभीरपणे विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता, कारण त्या गटातल्या स्त्रियाही कोणाच्या तरी आई होत्या. एवढ्या स्त्रिया न दुखणाऱ्या गोष्टीसाठी तपासणीला आल्या, ही मात्र जिल्ह्याची कामगिरी आहे. गर्भाशयाचे नाव जिथे सासूसमोर काढत नाहीत, त्या घरांत आरोग्य कर्मचारी स्त्रिया गेल्या, बसल्या, समजावत राहिल्या. संशोधनपत्रिकेत अशा कामाला एक ओळ मिळते.

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम यांच्याबरोबर उस्मानाबाद होता. आरोग्य हा त्या मोजणीचा मोठा भाग आहे. २०२२-२३ पासून धाराशिवला शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि आयुर्वेदाच्या जुन्या शासकीय महाविद्यालयाला जोड मिळाली. जिल्ह्यातच डॉक्टर घडू लागल्याने सोलापूर-लातूरच्या फेऱ्या हळूहळू कमी होतील, अशी अपेक्षा आहे. उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. यांतले अनेक तरुण आहेत, नुकतेच संसाराला लागलेले. त्यांचे बिऱ्हाड उपकेंद्राच्या गावी राहावे यासाठी क्वार्टरची दुरुस्ती, नळाला पाणी, रात्रीची वीज आणि जवळ चांगली शाळा ही कामे वेगवेगळ्या विभागांत वाटलेली आहेत.